लग्नातली रील कोणाच्या मालकीची?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला, तो मी ऐकला. सकाळपासून आपण शिष्यवृत्ती, वारसाहक्क, नोकऱ्या यांवर बोलतोय आणि आता हा इंजिनिअर लग्नातल्या रील्सवर बोलणार. हसा, हरकत नाही. पण गेल्या दोन वर्षांत घरात लग्न झालंय अशा लोकांनी जरा आठवून बघा, घरात सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली? बिर्याणीच्या देगा किती आणि शूटिंगला कोण, यावरच ना?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फोटोग्राफी माझा धंदा नाही. पण डेटा कुठून कुठे जातो, कुठे साठतो आणि पुसला तरी कुठे उरतो, हे बघणं माझं रोजचं काम आहे. लग्नाची रील शेवटी डेटाच असते. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी हे खातं माझ्याकडे सोपवलं. आज जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या दोन महिन्यांत शिकलेलं आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. आपल्याकडे पूर्वी शूटिंगवाला यायचा, डोळे दिपवणारा लाइट घेऊन. मग कँडिड फोटोग्राफर आले, मोठ्या लेन्सवाले. अल्बम हातात यायला तीन महिने, कधी सहा. आता तिसरी जमात आली आहे, वेडिंग कंटेंट क्रिएटर. त्याच्याकडे मोठा कॅमेरा नसतो. एक चांगला फोन, एक गिंबल, खिशात पॉवर बँक. तो दिवसभर नवरी-नवऱ्याच्या आसपास मैत्रिणीसारखा वावरतो, उभ्या फ्रेममध्ये छोटे छोटे तुकडे टिपतो आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तयार रील हातात देतो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, आणि तेव्हापासून लग्न कसं दिसायला हवं याची आपली कल्पनाच आडवीची उभी झाली.

मला हा प्रकार वाईट वाटत नाही. स्टेजवर दोन तास पुतळ्यासारखं उभं राहून काढलेल्या तीनशे फोटोंपेक्षा, अब्बा मांडवामागे एकटेच उभे राहून पाहुण्यांची यादी पुन्हा पुन्हा मोजतायत, हा आठ सेकंदांचा तुकडा मला जास्त प्रिय आहे. तो मोठ्या कॅमेरावाल्याने कधीच टिपला नसता, कारण त्याचं लक्ष स्टेजवर होतं.

तर प्रश्न घ्यायचा की नाही हा नाही. प्रश्न आहे, कोणाला विचारून.

निकाहमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वकील आणि दोन गवाह नवरीच्या खोलीत जातात. तिला नाव सांगतात, मेहेरची रक्कम सांगतात आणि विचारतात, कबूल आहे का? तिचं उत्तर ऐकायला साक्षीदार लागतात. म्हणजे मुलीची संमती ही गोष्ट आपल्याकडे निदान पद्धत म्हणून तरी शेकडो वर्षांपासून आहे. आता त्याच खोलीत दहा फोन तिच्या चेहऱ्यावर रोखलेले असतात. तिचे ओठ हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पाणी चार हजार लोकांनी पाहिलेलं असतं. निकाहसाठी तिला साक्षीदारांसमोर विचारलं. व्हिडिओसाठी कोणी विचारलं?

बहुतेक घरांत दोनच आवाज असतात. एक म्हणतो, मुलीचा फोटो बाहेर जाता कामा नये. दुसरा म्हणतो, सगळे टाकतात, आपणही टाकू, नाहीतर मागासलेले दिसू. दोन्ही आवाज बहुतेक वेळा पुरुषांचे असतात, आणि दोघांनीही नवरीला विचारलेलं नसतं. माझ्या मते पहिला जितका तिच्यावर हुकूम चालवतो तितकाच दुसराही. तिला टाकायचं असेल तर ती टाकेल. नसेल टाकायचं तर तिच्या नवऱ्याला, दिराला, नणंदेच्या कॉलेजच्या ग्रुपलाही तो अधिकार नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, एक रील तर आहे. म्हणून माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट आठवण करून देतो. गिटहब नावाची जागा आहे, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. मीही रोज ठेवतो. २०२१ च्या जुलैमध्ये त्याच गिटहबवर 'सुल्ली डील्स' नावाचं ॲप आलं. २०२२ च्या १ जानेवारीला 'बुल्ली बाई' आलं. मुसलमान बायकांचे फोटो त्यांच्या सोशल मीडियावरून उचलून, त्या 'विक्रीला' आहेत असं दाखवलं होतं. दुसऱ्या ॲपमध्ये शंभराहून अधिक जणी होत्या. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, साध्या विद्यार्थिनीही होत्या. मुंबई पोलिसांनी तपास केला, अटका झाल्या. पकडलेल्यांत इंजिनिअरिंग शिकणारी विशी-एकविशीची पोरं होती. माझ्यासारखाच अभ्यासक्रम, तीच डेटा स्ट्रक्चर्सची पुस्तकं. ते मला अजून पचलेलं नाही.

पण याचा अर्थ नीट लावा. त्या बायकांनी फोटो टाकले म्हणून असं झालं, हा निष्कर्ष काढणारे त्या वेळीही पुष्कळ निघाले. गुन्हा करणाऱ्यांनी गुन्हा केला. त्यातल्या कितीतरी जणींनी नाव लपवलं नाही, पोलिसांत तक्रार दिली, त्या जाहीरपणे बोलल्या. कोणाला इंटरनेटवरून हाकलण्यासाठी मी ही गोष्ट सांगत नाहीये. सांगण्याचं कारण इतकंच, की त्या बायकांनी स्वतःचा फोटो स्वतः टाकला होता. तुमच्या लग्नाच्या रीलमध्ये मागे नाचणारी सतरा वर्षांची चुलत बहीण आहे, तिने काहीच टाकलेलं नाही. तिच्या वाट्याची जोखीम तुम्ही उचलून तिच्या डोक्यावर ठेवताय.

आता कामाचं बोलू. माणूस ठरवताना काय बघायचं.

आम्ही चार जणांशी बोललो. पहिल्याने छान पीडीएफ पाठवली. पॅकेज, रील्स किती, तास किती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, की काढलेलं सगळं साहित्य तो त्याच्या जाहिरातीसाठी, त्याच्या पेजवर कधीही वापरू शकतो. मी विचारलं, ही ओळ काढता येईल का? म्हणाला, सर, सगळे देतात. मी म्हटलं, मग आमचं जमणार नाही.

इथे कायदा माहीत असणं उपयोगी पडतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की, पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची किंवा फिल्मची पहिली मालकी सांगणाऱ्याची असते, उलटा करार नसेल तर. म्हणजे तुम्ही पैसे देऊन काम करून घेतलं, काही लिहून दिलं नाही, तर मालक तुम्ही. ती बारीक अक्षरातली ओळ नेमकी हा 'उलटा करार' करण्यासाठी असते. म्हणून पीडीएफचं शेवटचं पान आधी वाचा.

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आला आहे, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. एखाद्याने खासगी, घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. आणि जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, तिलाही नाही. पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो धंदा करतोय. पण मामूने काढून फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओवर हा कायदा तुम्हाला फारसा उपयोगी नाही. तिथे मामूशीच बोलावं लागतं.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न मी चौघांनाही विचारला आणि तिघांना तो कळलाच नाही. फोन कोणाचा?

बघा, क्रिएटर स्वतःच्या फोनवर शूट करतो. त्या फोनवर त्याचं गुगल फोटोज किंवा आयक्लाउड चालू असतं. म्हणजे नवरीच्या खोलीत क्लिप निघाली की हॉलच्या वायफायवरून ती त्याच्या खात्यात चढत जाते. तो फोन घरी जातो, खातं लॅपटॉपवर उघडं असतं, कधी घरच्या टॅबवरही. तुम्ही म्हणता, काम झालं की डिलीट कर. तो प्रामाणिकपणे डिलीट करतो. आयफोनमध्ये डिलीट केलेलं ३० दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये पडून राहतं, गुगल फोटोजवर बॅकअप झालेलं ६० दिवस ट्रॅशमध्ये. माणूस चांगला आहे का, हा इथे मुद्दाच नाही. त्याचा फोन हरवला तर? दुरुस्तीला दिला तर?

यावर आम्ही शोधलेला उपाय साधा होता. फोन आमचा. माझ्या एका मित्राकडे जुना पण चांगला आयफोन पडून होता. तो पुसून कोरा केला, सिम घातलं नाही, आयक्लाउड बंद ठेवलं, आणि क्रिएटरच्या हातात दिला. तिने दिवसभर त्यावर शूट केलं, रात्री आमच्या घरी बसून बहिणीच्या लॅपटॉपवर सगळं उतरवलं. जागेचा हिशोबही करून ठेवा. फोर-के, ३० फ्रेम्सला आयफोन मिनिटाला साधारण १७० एमबी खातो, ६० फ्रेम्सला ४०० एमबी. पंधरा सेकंदांच्या दोनशे क्लिप म्हणजे ५० मिनिटं, म्हणजे साडेआठ जीबी किंवा थेट वीस जीबी. गुगल ड्राइव्हवर फुकटची जागा १५ जीबी असते, आणि त्यात तुमचं जीमेलही बसतं. म्हणून लोक क्रिएटरच्या ड्राइव्हची लिंक घेतात, 'लिंक असेल त्याला दिसेल' अशी, आणि ती लिंक वॉट्सॲपवर फिरते. त्यापेक्षा हार्ड डिस्क घ्या. एका लग्नातल्या फुलांच्या खर्चात दोन येतात.

मी 'तिने' म्हणालो. हो, आम्ही शेवटी जी निवडली ती मुलगी होती, सांगलीची, बी.कॉम. झालेली. एका दिवसाचे पंधरा हजार, चार रील्स आणि सगळ्या कच्च्या क्लिप. बायकांच्या बाजूला ती निर्धास्त फिरू शकत होती आणि बायकाही तिच्यासमोर निर्धास्त होत्या. नेहमीचा शूटिंगवाला पडद्याच्या अलीकडे थांबतो, किंवा आत येतो आणि सगळ्या ओढण्या सावरून गप्प बसतात. त्यामुळे आपल्या घरांतल्या लग्नांचे जुने व्हिडिओ बघा. पुरुष जेवतायत, पुरुष गळाभेट घेतायत, काझीसाहेब खुतबा वाचतायत. बायकांचं अर्धं लग्न कुठेच नाही.

हळदीच्या रात्री आमच्या नानीने ढोलक मागवली. तिने एक गाणं धरलं, जे खालांपैकी दोघींना अर्धं येत होतं आणि आमच्या पिढीत कोणालाच नाही. समधिणीची थट्टा करणारं, दखनीतलं. सहा मिनिटं चाललं. रीलसाठी तीस सेकंद पुरले असते. त्या मुलीने फोन खाली केला नाही, पूर्ण सहा मिनिटं उभी राहिली. नंतर खालाच्या मुलीने ती क्लिप ऐकून ऐकून गाणं वहीत उतरवलं. दोन शब्द नानीला फोन करून विचारावे लागले. ती क्लिप इन्स्टाग्रामवर गेलेली नाही. नानी म्हणाली, घरात ठेवा. ठेवली.

संमतीचं काय केलं, तेही सांगतो. माझ्या बहिणीने लग्नाच्या आठवडाभर आधी घरातल्या बायका-मुलींना एकेक फोन केला. ही दोन मिनिटांची गोष्ट असते. तुझा चेहरा रीलमध्ये आलेला चालेल का? अकरा जणी नको म्हणाल्या. कारणं वेगवेगळी. एका खालाच्या मुलीचं स्थळ चालू होतं, एक शिक्षिका आहे आणि विद्यार्थ्यांनी आपल्याला नाचताना बघायला नको, एकीने कारण सांगितलं नाही आणि बहिणीने विचारलंही नाही. उलट जिच्याबद्दल आम्हाला खात्री होती की ती नाही म्हणणार, ती साठीची फुफ्फी म्हणाली, मला जरूर घ्या, आणि नव्या शालूत घ्या.

आता क्रिएटरला त्या अकरा जणी कशा ओळखू येणार? तिला येणं शक्य नव्हतं. म्हणून एडिटिंगच्या वेळी एक चुलत बहीण तिच्या शेजारी बसली आणि प्रत्येक रील थांबवून थांबवून बघितली. दीड तास गेला. एका रीलमध्ये आरशात एक चेहरा दिसत होता. ती क्लिप काढली.

पाहुण्यांच्या फोनचं मात्र काही करता येत नाही. बायकांच्या दालनाच्या दाराशी एक पाटी लावली होती, 'फोटो काढण्याआधी विचारा'. निम्म्यांनी मान दिला, निम्म्यांनी पाटीसकट सेल्फी काढला.

काही बारीक गोष्टी भरभर सांगतो. निकाहनाम्याचा फोटो टाकू नका. हल्ली सही करतानाची रील हमखास असते आणि कॅमेरा कागदावर झूम होतो. त्या कागदावर दोघांचे पत्ते, वयं, गवाहांची नावं, सह्या, मेहेरची रक्कम सगळं असतं. एखाद्याला तुमच्या नावाने काही खोटं करायचं असेल तर यापेक्षा सोयीचा कागद नाही. सहीचा हात दाखवा, कागद नको. घरी मेहंदी असेल तर त्या फोटोंमध्ये घराचं जीपीएस लोकेशन असतं. वॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. लग्न चालू असताना स्टोरी टाकू नका, कारण घर रिकामं आहे आणि दागिने बाहेर आहेत, हे गल्लीला कळवायची गरज नसते. २०२३ च्या अखेरीपासून पब्लिक अकाउंटची रील कोणीही डाउनलोड करू शकतो. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, पण बंद केलं तरी स्क्रीन रेकॉर्डिंग राहतंच. तेव्हा पहिला निर्णय अकाउंट प्रायव्हेट की पब्लिक हा, बाकी नंतर.

आणि क्षण पुन्हा करायला लावणारा क्रिएटर घेऊ नका. एका लग्नात मी बघितलं, रुखसतीच्या वेळी मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली, आणि मागून आवाज आला, अंकल, जरा वन्स मोअर, ट्रॉली मध्ये आली होती. अंकल बिचारे पुन्हा रडायला उभे राहिले. माझ्या बहिणीने म्हणून करारातच लिहून घेतलं, की रुखसतीची शेवटची दहा मिनिटं फोन बॅगेत. त्या मुलीने तो नियम पाळला.

दुल्हेमियांकडचंही सांगायला हवं. माझ्या मेव्हण्याला पोस्ट दोघांच्या नावाने, कोलॅब म्हणून, त्याच रात्री हवी होती. त्याचे मित्र वाट बघत होते. बहीण म्हणाली, वलीम्यानंतर, शांतपणे, दोघं मिळून बघू. दोघांत त्यावरून दोन दिवस अबोला होता असं मला नंतर कळलं. चार रील्सपैकी दोन टाकल्या. त्या दोन कोणत्या, हे मात्र दोघांनी मिळून ठरवलं.

अजून एक, जे मला खटकलं. रील्स ठरवायला आमच्या घरात दोन पूर्ण संध्याकाळ गेल्या. मेहेर ठरवायला वडीलधाऱ्यांनी दहा मिनिटं घेतली, तीही चहा पिता पिता. बहिणीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, भाई, तू त्या पीडीएफचं शेवटचं पान वाचलंस, आता निकाहनाम्याचं प्रत्येक पान माझ्याबरोबर वाच. आम्ही काझीसाहेबांकडून कोरा नमुना आधी मागवला. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी दिला. त्यात अटींसाठी जागा होती, जी मी इतक्या लग्नांत जाऊन कधी बघितली नव्हती. तिने तिथे नोकरी चालू ठेवण्याची अट घातली, मेहेरही वाढवून घेतला. किती, ते ती मला सांगू देणार नाही.

शेवटी इथल्या मुलींना एक सांगायचं आहे. बायकांच्या दालनात निर्धास्त फिरू शकेल, फोन नीट हाताळेल, लोकांचे चेहरे जपेल, अशी क्रिएटर आपल्या तालुक्यांत मिळत नाही. आम्हाला सांगलीहून आणावी लागली, आणि तिची पुढची तारीख चार महिन्यांनी होती. भांडवल म्हणजे एक बरा फोन, एक गिंबल आणि थोडा सराव. पहिली दोन लग्नं नात्यातली करा, पण फुकट करू नका, निम्मे घ्या. बयाना आधी घ्या, लिहून घ्या. रात्री परत सोडण्याची जबाबदारी हॉलवाल्यांची नव्हे, यजमानांची, हेही लिहून घ्या. आणि तुमच्या करारात ती जाहिरातीची ओळ घालायची असेल तर घाला, पण मोठ्या अक्षरात, आणि नवरीला वाचून दाखवून. कामाचे नमुने दाखवायला हात, मेहंदी, फुलं, जेवणाची पंगत, एवढं पुरतं.

मी जो करार केला होता तो दीड पानाचा, साध्या मराठीत आहे. त्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या, ते मघाशी हसत होते.